शंभर सीसीवर दोनशे किलोमीटर

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला छत्रपती संभाजीनगरहून शंभर सीसीच्या गाडीवर मीही गेले आहे, मागच्या सीटवर. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या लोकांकडे हीच गाडी असते, म्हणून 'मोटारसायकलवर जाऊ नका' असं मी सांगणार नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. 'वाटेत जायचं कुठे?' म्हणून बायका आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. मीही प्यायले नव्हते, नर्स असून! परतल्यावर लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. आठवडा औषधात गेला. लघवी तुंबवली की जंतू वाढतात, मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतात. पाणी प्या आणि दर दीड तासाने गाडी थांबवायला लावा. पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप असेल तर किल्ली मागा, लाजू नका.

चालवणाऱ्या भावांनो, रात्रपाळी करून थेट हँडल धरू नका. हेल्मेट मागे बसणारीलाही हवं, चार वर्षांवरच्या लेकरालाही; कायदाच आहे तसा. निळा फेटा पिशवीत ठेवा, तिथे पोचून बांधा.

आणि गाड्यांचे ताफे काढणाऱ्या मंडळांनी यंदा वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी बघून यावं. डीजेचा खर्च त्यानंतर.