चेहरा लाल करणारी गोळी

नायसिन म्हणजे 'ब-३' जीवनसत्त्व. शेंगदाणे, मासे, चिकन यांतून ते मिळतं. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १४ ते १६ मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल उतरवायचं तर मात्र रोज १ ते ३ ग्रॅम घ्यावं लागतं, म्हणजे गरजेच्या साठ ते दोनशे पट! 'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?' असं म्हणून दुकानातून गोळ्या आणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. एवढ्या मात्रेत ते औषधच असतं.

नायसिनचा हा गुण १९५५ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिला. वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स त्यानं उतरतात, चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं.

त्रास सुरू होतो तो गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात. चेहरा, मान, छाती लालबुंद होते, आग होते, खाज सुटते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे असं होतं. म्हणून डॉक्टर अगदी कमी मात्रेनं सुरुवात करून ती सावकाश वाढवतात. गोळी जेवणासोबत घ्यावी. त्या सुमारास गरम चहा, मसालेदार पदार्थ आणि मद्य टाळावं. अर्ध्या तासापूर्वी अ‍ॅस्पिरिन घेतल्यास आग कमी होते. पण पोटात अल्सर असणाऱ्यांनी ते परस्पर घेऊ नये. काही आठवड्यांत शरीर सरावतं. मध्ये खंड पडला, तर पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते.

लाली न आणणारं निकोटिनामाइड हा त्यावरचा पर्याय नव्हे. त्यानं कोलेस्टेरॉल उतरत नाही. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्यांनी लाली कमी होते, पण यकृताला धोका वाढतो.

लाली दिसते तरी. यकृताला होणारी इजा, वाढलेली साखर किंवा युरिक अ‍ॅसिड दिसत नाही. त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी हवीच. मधुमेह, गाऊट किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तर विशेष जपावं.

एवढं सोसून लाभ किती? २०१४ साली पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन देऊनही हृदयविकाराचे झटके लक्षणीय घटले नाहीत. मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव मात्र वाढले. त्यामुळे आता डॉक्टर ते क्वचितच देतात.

रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे हृदय सुरक्षित झालं, असं नव्हे. ज्यांचं नायसिन चालू आहे, त्यांनी ते मनानं वाढवू नये, मनानं बंदही करू नये. 'मला याची अजून गरज आहे का?' हे डॉक्टरांना जरूर विचारावं.