दुधाची पिशवी आणि सात लेन

ऐन गणपतीत लक्ष्मी रोड दोन्ही हातांत पिशव्या घेऊन क्रॉस करणारी आमची एक मैत्रीण. नवऱ्याच्या ऑनसाइटमुळे आधी न्यू जर्सीत होती, आता ॲरिझोनात, फीनिक्सला. परवा सकाळी सकाळी तिचा फोन. ‘अगं, दूध आणायला निघाले होते. मरता मरता वाचले.’ आवाज चक्क थरथरत होता.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत तर झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाड्या थांबतात! थांबतात की. पण कुठल्या अमेरिकेत?

२००९मध्ये त्या देशात ४,१०९ पादचारी गाड्यांखाली गेले. २०२२मध्ये ७,५२२. म्हणजे लाख लोकांमागे साधारण सव्वादोन. पण न्यू मेक्सिकोत हा आकडा चारच्या वर, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. ॲरिझोना, फ्लोरिडा ही उन्हाळी राज्यं यादीत कायम वरच्या बाजूला. देश एक, गाड्या त्याच, मोबाइलवर बोलत गाडी हाकणारे महाभागही तेच. मग?

हवेचा थोडा हात असेल. जानेवारीच्या रात्री बॉस्टनमध्ये कोण बाहेर पडतंय! (सुमारे तीनचतुर्थांश मृत्यू अंधारातच होतात.) पण न्यूयॉर्कमध्ये तर लोक सगळ्यात जास्त चालतात, तरी तिथे धोका कमी. खरी गोम रस्त्यातच आहे. ईशान्येकडची शहरं मोटारगाडी येण्याआधीची. अरुंद गल्ल्या, पावलापावलावर सिग्नल. फीनिक्स वाढलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, गाडीत बसूनच म्हणा ना. दर मैलाला एक आडवा-उभा मोठा रस्ता, बऱ्याच ठिकाणी मधली वळणाची धरून सात लेन, वेग ताशी ४०-४५ मैल. मैत्रिणीच्या घरासमोर दुकान दिसतं, पण जवळचा सिग्नल पाऊण किलोमीटरवर. जाऊन-येऊन दीड किलोमीटर, तेही बेचाळीस डिग्रीत. बसस्टॉप मात्र बरोब्बर मध्येच! मग माणूस काय करणार? पळणार. आणि तिथे पायी कोण असतं? ज्याच्याकडे गाडी नाही तो.

वेगाचं गणित तर फार क्रूर आहे. २०११च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार ताशी ३७ किलोमीटरने धडक बसली तर दहातला एक पादचारी दगावतो. ६८ने बसली तर दोघांतला एक.

असं का, हे तिथल्या लोकांना कळत नाही असं नाही. ती आधी राहायची त्या जर्सी सिटीच्या शेजारच्या होबोकनने कोपऱ्यांवरचं पार्किंग काढलं, म्हणजे वळणाऱ्याला चालणारा दिसतो. पुढे २०२२मध्ये गावभर ताशी २० मैलांची मर्यादा घातली. २०१७नंतर सलग सात वर्षं तिथल्या रस्त्यांवर एकही मृत्यू नाही! आणि गंमत म्हणजे बटण दाबलं की गाड्या थांबवणारा, रस्त्याच्या मध्येच बसवता येणारा सिग्नल निघाला तो ॲरिझोनातच, टुसॉनमध्ये. २०१०च्या सरकारी अभ्यासात त्याने पादचाऱ्यांचे अपघात ६९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मैत्रिणीच्या रस्त्यावर तो अजून आलेला नाही.

तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. रोज संध्याकाळी शिकते. आणि लायसन्स मिळालं की पहिली फेरी कुठे, माहितीये? समोरच्या दुकानात. दूध आणायला.