प्रोसेसर नवा, झोप अपुरी

गेम खेळतानाच तो इंटरनेटवर थेट दाखवायचा, तर चार कोअरचा जुना प्रोसेसर अडखळतो. खेळ चालवणे आणि चित्रण एन्कोड करणे, दोन्ही कामे त्याच्याच माथी येतात. मग मुलगा नवा प्रोसेसर मागतो, घरात वाद पेटतो. मागणी अवाजवी नसते. आधी एन्कोडिंगचे काम ग्राफिक्स कार्डावर टाकून पाहावे. अलीकडच्या बहुतेक कार्डांत तशी सोय असते. तेवढ्याने भागले नाही, तर २०१७ चा रायझन ३ १२०० काढून बऱ्याचदा त्याच मदरबोर्डवर, बायोस अद्ययावत करून, सहा कोअरचा रायझन ५ ५६०० बसतो. कंपनीची यादी तेवढी तपासावी. अख्खा संगणक बदलायला सांगणाऱ्या दुकानदाराचे लगेच ऐकू नये.

आता माणसाचे. सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम मिळाल्या, की दोन चित्रांमधले अंतर ३३ वरून १७ मिलिसेकंदांवर येते. पण डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत धडधाकट तरुणालाही सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. जागरणाने हा वेळ वाढतो, मध्येच लक्षही सुटते. हजारो रुपये मोजून कमावलेले १६ मिलिसेकंद रात्री तीनपर्यंत जागून घालवायचे, हा कुठला व्यवहार? किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी.

पालकांनीही ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंगचा विकार आहे. पण ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे साधारण वर्षभर चालले तर. प्रोसेसर मागणे त्यात बसत नाही. शाळा बुडू लागली, जेवणाचे ताट खोलीतून तसेच परत येऊ लागले, तर मात्र वर्ष भरण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.