वाळूला रंग कोण देतं?


वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या एका वाचक मैत्रिणीने विचारलंय, ‘वाळवंटातली वाळू कुठे पिवळी, कुठे लाल, तर कुठे पांढरीशुभ्र का असते?’ प्रश्न झकास आहे! उत्तराची सुरुवात आसेगावपासूनच करू या.

वाळू म्हणजे खडकाचा चुरा. जसा खडक, तशी वाळू. तुमच्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो बनला. तो झिजला आणि तुमच्या शेतातली काळी माती तयार झाली.

पुष्कळशा वाळवंटांत मात्र गारगोटीचे कण जास्त असतात. गारगोटी भलतीच चिवट! बाकीची खनिजं झिजून जातात, ती टिकते. तिला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. मग लाली येते कुठून? लोखंडाच्या गंजातून! कणांवर गंजाचा पातळ थर बसतो. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात समुद्राजवळची वाळू फिकी, तर आतल्या भागातली जुनी वाळू तांबूस दिसते. भट्टीत भाजल्यावर वीट लाल होते, तीसुद्धा लोखंडामुळेच बरं का!

आणि पांढरी वाळू? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सुमारे 700 चौरस किलोमीटरवर अशी वाळू पसरली आहे. ती आहे जिप्समची. तुमचे गुरुजी फळ्यावर लिहितात ना, तो खडूही बहुधा जिप्समपासूनच बनतो. जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून त्याची वाळू क्वचितच सापडते. तिथल्या खोऱ्यातलं पाणी समुद्राला जाऊन मिळत नाही. ते जागीच आटतं आणि जिप्सम मागे उरतं.

आता एक प्रयोग. बांधकामावरची मूठभर कोरडी वाळू घ्या. लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा. काही काळे कण टुणकन चिकटतील. ते बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्याच एका खनिजाचे. पण सगळे काळे कण चिकटणार नाहीत. वाळवंटातली तांबूस वाळूही अशी चिकटत नाही, कारण गंजावर चुंबकाचा जोर फारसा चालत नाही. तेव्हा नुसत्या रंगावरून खनिज ओळखू नका, तपासून पाहा.

रत्नागिरीत तर ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ अशी किनाऱ्यांची नावंच आहेत! तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज सापडतं. त्यापासून काय बनवतात, सांगा पाहू? भिंतीच्या रंगात घालायची पांढरीशुभ्र पूड!

मग, तुमच्या चुंबकाला किती कण चिकटले? आम्हाला जरूर कळवा.