दुसरी चावी कोठे असावी?

बँकेत चाव्यांविषयी एक जुना शिरस्ता आहे. रोकड तिजोरी एकट्याच्या चावीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या लागतात. त्या चाव्यांचा दुसरा संच त्याच शाखेत न ठेवता दुसऱ्या शाखेच्या स्वाधीन केलेला असतो. कुलपाच्या आत राहिलेली चावी अडचणीच्या वेळी असून नसल्यासारखीच. आपल्या घरांत मात्र दुसरी चावी बहुधा कपाटाच्या खणात, म्हणजे बंद दाराच्या आतच असते.

वाऱ्याने लॅचचे दार लागते, शेगडीवर दूध असते, आत मूल असते, तेव्हा हे ध्यानी येते. लॅचची जीभ केवळ स्प्रिंगवर असेल, तिला चावीचा वेढा दिलेला नसेल आणि तिची उतरती बाजू आपल्याकडे असेल, तर दार व चौकट यांमधील फटीत एखादे जुने, लवचीक प्लास्टिकचे कार्ड सरकवून ती मागे ढकलता येते. स्नानगृहाच्या गोल मुठीच्या कुलपाला बाहेरून बहुधा बारीक छिद्र किंवा खाच असते. छिद्रात ताठ तार सरळ दाबली अथवा खाचेत नाणे फिरवले, की आतली कळ सुटते. परंतु आतून कडी किंवा बोल्ट सरकवलेला असेल, तर यांपैकी काहीही चालत नाही. दारच तोडावे लागते.

खरी चिंता येथेच आहे. पर्युषणात घरातील वडीलधारी मंडळी उपवास करतात, खोलीची कडी लावून सामायिकाला बसतात. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे. तेवढा वेळ कोणी दार वाजवीत नाही. आत भोवळ आली, तर तो सारा वेळ वाया जातो. घरची मंडळी दुकानात किंवा उपाश्रयात असली, तर त्याहूनही अधिक.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. वृद्धांच्या खोलीची आतील कडी काढून टाकावी. एकांतासाठी लोटलेले दार आणि घरच्यांना दिलेली सूचना पुरेशी आहे. स्नानगृहाला बाहेरून उघडता येईल असेच कुलूप बसवावे आणि शक्य असल्यास दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या भाराने आत उघडणारे दार अडते. मुख्य दाराची दुसरी चावी विश्वासू शेजारी किंवा जवळच्या नातलगाकडे द्यावी. पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवू नये. आत कोणी संकटात असेल, तर चावीवाल्याची वाट न पाहता ११२ वर अथवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. चावी हरवली असेल, तर दार उघडल्यावर कुलूपही बदलावे.

मुंगीचा जीव जाऊ नये म्हणून आपण पाणी गाळतो, जमीन पाहून पाऊल टाकतो. त्याच जयणेने या चातुर्मासात घरातील एकेका दाराची कडी पाहून घ्यावी.