हा तरी टिकेल का?

आपल्याकडे टीम हरली की काय होतं? पहिल्या दिवशी कॅप्टनला शिव्या, दुसऱ्या दिवशी ‘कोचला हाकला’ आणि तिसऱ्या दिवशी नवी सीरिज सुरू. धड सुतक पाळायलाही सवड मिळत नाही, बॉस!

आता अशी एक टीम डोळ्यांसमोर आणा, जिचे फॅन्स १९९९ पासून एकाच प्रश्नावर भांडतायत. आणि सगळ्यात कहर म्हणजे भांडणाला आणखी वीस-पंचवीस वर्षं पुरेल एवढा मसाला त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे.

ही टीम म्हणजे क्लीव्हलँड ब्राउन्स. खेळ फुटबॉल, पण आपला पायाने खेळतात तो नाही. अमेरिकेतला. अंड्यासारखा बॉल काखेत मारून धावायचं आणि समोरच्याने तुम्हाला आडवं करायचं, तो.

माझा मावसभाऊ २००८ पासून क्लीव्हलँडला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मी दोन आठवडे त्याच्याकडे होते. पहिल्या रविवारी सकाळी आंघोळ करून, नवा स्वेटर घालून मी विचारलं, ‘‘दादा, आज कुठे जायचं?’’

‘‘बेसमेंटमध्ये,’’ दादा म्हणाला.

तो खरंच बेसमेंटमध्ये गेला. चॉकलेटी-केशरी जर्सी घालून. तिथे आधीच तिघं जमलेली. पलीकडच्या घरातले सत्तरी ओलांडलेले काका, त्यांची नर्स असलेली मुलगी आणि दादाच्या ऑफिसमधला हैदराबादचा मित्र. तारीख २३ नोव्हेंबर. टीम दहापैकी आठ मॅच हरलेली. त्या दिवशीची मॅच लास वेगासला, क्लीव्हलँडच्या घड्याळात दुपारी चारनंतर. पण मंडळी एक वाजल्यापासूनच तावातावाने भांडत होती. विषय एकच, आपला क्वार्टरबॅक कोण?

मला कशाचं काही कळेना, तेव्हा दादाने पाच मिनिटांत फंडा क्लिअर केला. तोच तुम्हाला सांगते.

क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू आणि हात दोन्ही. जवळपास प्रत्येक चाल त्याच्यापासून सुरू होते. बॉल हातात आला की त्याच्याकडे असतात जेमतेम दोन-तीन सेकंद. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे पैलवान अंगावर येत असतात. तेवढ्यात कोण मोकळा आहे हे बघायचं आणि नेमका बॉल फेकायचा. हा माणूस चांगला असेल तर बाकीची टीम कशीबशी खपून जाते. तो बरा नसेल तर बाकीचे दहा जण काय करणार, कप्पाळ?

आणि हा माणूस मिळवायचा मुख्य रस्ता म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना ३२ टीम्स ओळीने निवडतात. सात फेऱ्या. गेल्या हंगामातल्या सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर. थोडक्यात, आपलं कॅम्पस प्लेसमेंट. फरक एवढाच की वर्गात शेवटून पहिला आला त्याच्या पानात पहिला लाडू.

ब्राउन्सच्या पानात असे लाडू किती पडले, विचारू नका!

त्याआधी थोडा इतिहास, नाहीतर त्यांचं दुखणं कळणार नाही. या टीमने शेवटची चॅम्पियनशिप जिंकली १९६४ मध्ये. काका तेव्हा दहा वर्षांचे होते. सुपर बोलची फायनल सुरू झाली ती त्यानंतर, आणि ती ब्राउन्स आजवर एकदाही खेळलेले नाहीत. १९९५ चा हंगाम संपल्यावर मालकाने अख्खी टीमच उचलून बाल्टिमोरला नेली. नाव आणि रंग तेवढे शहराकडे राहिले. तीन वर्षं क्लीव्हलँडला टीमच नव्हती. आणि तिकडे गेलेली टीम? ‘रेव्हन्स’ नावाने तिने जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकलासुद्धा. म्हणजे बायको सोडून गेली आणि पाचव्या वर्षी लॉटरी लागून शेजारच्या गल्लीत बंगला बांधून राहिली.

१९९९ मध्ये ब्राउन्स पुन्हा सुरू झाले. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला, टिम काउच नावाचा क्वार्टरबॅक घेतला. सगळं शहर खूश. दुसऱ्याच मॅचपासून त्याला मैदानात उतरवलं. टीम नवीकोरी, त्याला सांभाळणारी फळी कच्ची. त्या एका हंगामात तो बॉल हातात असताना ५६ वेळा आडवा झाला!

त्यानंतर रांगच लागली. २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २०१२ मध्ये ब्रँडन वीडन, २०१४ मध्ये जॉनी मन्झेल. गंमत बघा, तिघंही ड्राफ्टमध्ये बावीसाव्या नंबरवर घेतलेले आणि तिघंही टिकले नाहीत. १९९९ ते २०२५ या काळात ब्राउन्ससाठी मॅचची सुरुवात करणाऱ्या क्वार्टरबॅकची संख्या चाळीसच्या वर गेली. एका चाहत्याने टिम काउचच्या जर्सीवर त्याच्या नावाखाली पट्टी चिकटवून पुढच्याचं नाव लिहिलं, मग त्याच्या पुढच्याचं. होता होता पट्ट्या पार खालपर्यंत पोचल्या. भाड्याच्या खोलीच्या दारावर जुन्या भाडेकरूंची नावं राहतात ना, तसं.

२०१७ मध्ये तर सोळाच्या सोळा मॅच हरले. दुसरे कुणी असते तर तोंड लपवून बसले असते. क्लीव्हलँडकरांनी जानेवारी २०१८ मध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. गोल. शून्याच्या आकारात. हजारो माणसं! आणि त्यातून शहरातल्या फूड बँकेला मदतही गोळा केली. दादा त्यात होता. ‘‘मी या गावचा झालो तो त्या दिवशी,’’ तो म्हणाला. त्याआधी दहा वर्षं तो तिथे नुसता राहत होता.

हे सगळं ऐकताना माझ्या लक्षात आलं, वहिनी खाली आलेली नाही.

वहिनी कोथरूडची, पण दादापेक्षा कट्टर फॅन होती. होती. मार्च २०२२ मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनला आणलं. त्याच्यासाठी ह्यूस्टनला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले तीन नंबर दिले, वर आणखीही काही. शिवाय त्याला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, तेही पूर्ण गॅरंटीने. खेळलास तरी तेवढे, नाही खेळलास तरी तेवढेच. त्या वेळी मसाजच्या वेळी गैरवर्तन केल्याचे वीसहून जास्त स्त्रियांचे दिवाणी दावे त्याच्यावर होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही आणि बहुतेक दावे तडजोडीत मिटले. पण लीगने स्वतःची चौकशी करून त्याला ११ मॅच बाहेर बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला.

वहिनीने त्याच आठवड्यात आपली जर्सी कपाटातून काढली आणि देऊन टाकली. भांडली नाही, काही नाही. रविवारी वर बसून ती दुसरं काहीतरी बघायला लागली.

‘‘तू काही म्हणाला नाहीस तिला?’’ मी दादाला विचारलं.

‘‘काय म्हणणार? ती बरोबर होती. मी बघत राहिलो, कारण... इतकी वर्षं थांबलो होतो ना गं. वाटलं, आता तरी जिंकू.’’

जिंकलेही नाहीत. वॉटसन आधी बंदी आणि मग दुखापतींमुळे बराच काळ बाहेरच होता. आणि कळस ऐका. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये बारावा नंबर ब्राउन्सकडेच होता. तो त्यांनी ह्यूस्टनला दिला आणि ह्यूस्टनने त्यावर कुणाला घेतलं? वॉटसनला! जो माणूस स्वस्तात दारात आला होता, त्यालाच पाच वर्षांनी घरदार विकून आणलं.

तर, बेसमेंटमधलं भांडण. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सनी एक सोडून दोन क्वार्टरबॅक घेतले होते. तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रियल, पाचव्या फेरीत शडूर सँडर्स. आधीचे धरून त्या उन्हाळ्यात टीमकडे एकूण पाच क्वार्टरबॅक! नर्सताई गेब्रियलच्या पार्टीत. ‘‘निमूट काम करतो, नखरे नाहीत.’’ हैदराबादी मित्र सँडर्सचा भक्त. सँडर्स हा डिऑन सँडर्स या जुन्या सुपरस्टारचा मुलगा. पहिल्या फेरीत जाईल म्हणून गाजावाजा झालेला आणि प्रत्यक्षात १४४ नंबरपर्यंत ताटकळलेला. दादाचं म्हणणं, दोघंही नकोत, एप्रिल २०२६ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सकडे पहिल्या फेरीतले दोन नंबर आहेत, ते वापरून इंडियाना युनिव्हर्सिटीचा फर्नांडो मेंडोझा उचलावा. लगेच नर्सताई कडाडल्या, ‘‘आणि त्याच्यापुढे फळी कोण उभी करणार? तुझा काका?’’

मी आपली बटाटेवडा खात ऐकत होते. मला आठवत होती माझी पहिली नोकरी.

मास कॉमची डिग्री घेऊन मी एका न्यूज चॅनेलमध्ये लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. ‘फ्रेश टॅलेंट’ म्हणून गाजतवाजत घेतलेली. पहिल्याच सोमवारी हातात माइक देऊन लाइव्हला उभी केली. कुणी काही शिकवलं नाही. अकरा महिन्यांत तीन बॉस बदलले आणि प्रत्येकाला मी वेगळी हवी होते. शेवटच्याने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ‘‘तुझ्यात ती आग नाहीये.’’ पुढच्या आठवड्यात माझ्या खुर्चीवर नवं फ्रेश टॅलेंट. कित्येक महिने मला खरंच वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

म्हणून मी न राहवून विचारलं, ‘‘या पोरांना शिकवलं कुणी?’’

बेसमेंट गप्प. मग काकांनी बोटं मोजायला घेतली. १९९९ पासून हंगामी सोडून दहा मुख्य कोच. दोघं तर एकेका हंगामाचे पाहुणे. २०१८ मध्ये पहिल्या नंबरवर बेकर मेफिल्ड आला, त्याला पहिल्या तीन हंगामांत हंगामी धरून चार कोच मिळाले. तरीही त्याने जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला त्यांच्या घरी जाऊन हरवलं. पुढच्या वर्षी तो खांद्याच्या दुखापतीने रखडला, की वॉटसनसाठी त्याला वाट दाखवली. नंतर टँपा बेला गेल्यावर पठ्ठ्या मस्त खेळला.

‘‘आणि किझर,’’ काका म्हणाले. २०१७ मध्ये एकवीस वर्षांच्या डिशोन किझरला ब्राउन्सनी पहिल्या मॅचपासून उतरवलं. १५ मॅच सुरू केल्या, १५ हरला. मग त्याचीही बदली. त्याच वर्षी त्याच ड्राफ्टमधून कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला घेतलं आणि अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे जवळजवळ पूर्ण हंगाम बाकावर बसवलं. बघ, शीक, थांब. त्या माहोम्सने पुढे तीन सुपर बोल जिंकले. किझर माहोम्सच्या तोडीचा होता, असं कुणीच म्हणणार नाही. पण तो किती चांगला होऊ शकला असता, हे क्लीव्हलँडला कधीच कळणार नाही. काउचचंही नाही.

भांडण नेहमी ‘कुणाला घ्यायचं’ यावर होतं. ‘घेतल्यावर काय करायचं’ यावर भांडायला कुणी जमत नाही. ऑफिसात तरी वेगळं काय असतं? टार्गेट हुकलं की ‘नवा माणूस आणा’. तो येतो, पहिले दोन महिने देव असतो. आणि देवाची वाट बघायची सवय लागली की माणूस मग काहीही विकत घेतो. वॉटसनसुद्धा.

चार वाजता मॅच सुरू झाली. गेब्रियलला आदल्या रविवारी डोक्याला मार बसलेला, म्हणून सँडर्सची ही सुरुवातीपासूनची पहिलीच मॅच. दादाने हळूच सांगितलं, टीम परत आल्यापासून ब्राउन्सकडून करिअरमधली अशी पहिली मॅच एकाही क्वार्टरबॅकने जिंकलेली नाही.

सँडर्सने जिंकली. २४-१०.

हैदराबादी मित्र सोफ्यावर उभा राहून नाचला. नर्सताईंनी गेब्रियलला मनातल्या मनात सॉरी म्हणत टाळ्या वाजवल्या. काका खुर्चीतच बसून कुत्र्यासारखे भुंकले. घाबरू नका, तिथे आनंद असाच साजरा करतात, स्टेडियमच्या त्यांच्या स्टँडचं नावच ‘डॉग पाउंड’ आहे.

शेवटची दहा मिनिटं वहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. हातात वड्यांची दुसरी ताटली. मॅच संपल्यावर तिने विचारलं, ‘‘वॉटसनचा पगार अजून चालूच आहे ना रे?’’

‘‘हो. २०२६ पर्यंत.’’

‘‘हं,’’ वहिनी म्हणाली. ताटली टेबलावर ठेवली आणि स्क्रीनवरच्या त्या हसऱ्या पोराकडे दोन क्षण बघितलं. ‘‘याला तरी नीट शिकवा म्हणावं.’’ आणि वर गेली.

हंगाम संपला तेव्हा हिशेब होता १७ पैकी ५ मॅच जिंकल्याचा. जानेवारी २०२६ मध्ये ब्राउन्सनी काय केलं असेल, ओळखा पाहू?

कोच बदलला.