उसाची कांडी आणि देवदाराचे वलय

अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या गाडीतून ज्याने कधी ऊस ओढून खाल्ला आहे, त्याला एक गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक असते. एकाच उसाच्या सगळ्या कांड्या सारख्या नसतात. पाण्याचा ताण पडला त्या वेळची कांडी आखूड राहते, पाणी मिळाल्यावरची लांब होते.

झाडेही अशीच नोंद ठेवतात, पण वर्षावर्षाची. शाळेत आपण शिकतो, ‘वलये मोजा, झाडाचे वय कळेल.’ माझी तक्रार अशी की खरी गोष्ट जिथे सुरू होते, तिथेच आपण थांबतो. वलये किती, यापेक्षा कोणते वलय रुंद आणि कोणते अरुंद, हा प्रश्न मोठा आहे.

आपल्याकडे यासाठी सागासारखे झाड नाही. पानगळीनंतर त्याची वाढ थांबते आणि नव्या हंगामात मोठ्या वाहिन्यांची ओळ लाकडात उमटते, त्यामुळे वलयाची सीमा स्पष्ट दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी ठाणे भागातील सागाची वलये तपासली. पुढे केरळातील सागावरून त्यांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली. एल निनोशी संबंधित दुष्काळाची वर्षे तीत अरुंद वलयांच्या रूपाने सापडली. आपले हवामान खाते १८७५ सालचे. त्याआधीची चार शतके या लाकडात आहेत!

तर मग रुंद वलय म्हणजे चांगला पाऊस, असा नियम करावा का? मुळीच नाही. हिमालयात चला. पश्चिम हिमालयातील देवदाराला मार्च ते मे हे महिने कोरडे व तप्त गेले की वलय अरुंद होते. पण किन्नौर आणि गंगोत्रीच्या परिसरात, हिमनद्यांजवळच्या उंच ठिकाणी, अलीकडच्या दशकांत वलये रुंद झालेली आढळली, कारण तेथील हिवाळे पूर्वीइतके कडक राहिले नाहीत. ही काही आनंदाची वार्ता नव्हे. तीच ऊब शेजारच्या हिमनदीलाही लागते. आणि ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत तो भूर्ज? नेपाळात वृक्षरेषेवर, इतक्या थंडीतसुद्धा, पावसाळ्यापूर्वी ओल कमी पडली की त्याची वाढ खुंटते. म्हणून ‘तापमान वाढेल तशी जंगले डोंगर चढत जातील’ हे विधान मला फार घाईचे वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. बांधावरचे जुने साग वखारीत येतात, त्यांच्या फळ्या होतात आणि नोंद भुश्शात जाते. जालना जिल्ह्याने १९७२ आणि २०१२ चे दुष्काळ सोसले. त्यांची नोंद एखाद्या शाळेच्या कपाटात असायला काय हरकत आहे? त्यासाठी झाड तोडू नका. शास्त्रज्ञ पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षाही बारीक नमुना काढतात, झाड उभेच राहते. आपण वखारवाल्याकडून तोडलेल्या ओंडक्याची चकती मागावी, साल शाबूत असलेली. तीवर गाव व तोडीची तारीख लिहा, नाहीतर ती नुसते जळण आहे. एका चकतीवर विसंबू नका. कधी वर्षात दोन वलये दिसतात, कधी एकही नाही. निदान दहा झाडे ताडून पाहा.

मोजणी बाहेरून आत करा. मे २०२५ मध्ये तोडलेल्या सागाचे सर्वांत बाहेरचे वलय २०२४ च्या पावसाळ्याचे असते. त्या हिशेबाने १९७२ चे वलय ५३ वे.